कोऱ्या पाण्याचा वास

३ मार्च

डॉक्टर म्हणाले, “मनातलं लिहून काढत जा, रक्तदाब उतरेल.” माझ्या मनातलं लिहून काढलं तर माझा उतरेल आणि वाचणाऱ्याचा चढेल. म्हणून ही वही कपाटात आणि किल्ली माझ्या खिशात.

माझा धंदा नाकाचा. शहराच्या पाणीखात्याच्या प्रयोगशाळेत वास आणि चव तपासणारं तिघांचं मंडळ आहे, त्याचा मी प्रमुख. सव्वीस वर्षं पाणी हुंगतोय. कुणाला सांगितलं की आधी हसतात आणि मग हळूच विचारतात, “आमच्याकडचं कसं आहे हो?” एके काळी मी कुणाच्याही घरी एक घोट घेऊन भिंतीतल्या नळ्या सांगायचो. तांब्याची असेल तर जिभेच्या मुळाशी कडवट. जुनी लोखंडी असेल तर नाणं चोखल्यासारखं. तोटीतला वायसर स्वस्त रबराचा असेल तर तो क्लोरीनशी सोयरीक करतो आणि स्वयंपाकघरात दवाखाना उघडतो. लोक तोंडात बोट घालायचे.

आज नळवाला आला होता. आमच्या कोऱ्या पाण्याच्या यंत्राची नळी चिरली होती. कोरं पाणी म्हणजे कोळशाच्या भुकटीतून गाळलेलं, वास नसलेलं पाणी. बाकी सगळे नमुने त्याच्याशी ताडून बघायचे. सोनाराला कसोटीचा दगड, तसं आम्हाला हे.

नळवाल्याने निळ्या नळीचं वेटोळं काढलं. “साहेब, ही बघा. वाकवा, पिळा, वर उभे राहा, काही होत नाही. तशी बागेतली आहे. पण प्यायला चालेल का ते तुम्ही सांगा. तुमचं नाक म्हणजे सरकारी शिक्का.”

मी हुंगली. काहीच नाही. म्हटलं, “टाका.”

“मग माझं एका शाळेच्या नव्या इमारतीचं काम चालू आहे, तिथेही हीच टाकतो. गच्चीवरच्या टाकीपासून प्यायच्या नळांपर्यंत नळी कमी पडतेय. साहेबांनी हुंगून पास केली म्हटल्यावर मला कोण विचारतंय!”

“खुशाल टाका,” म्हटलं. शिक्क्याला शाई फुकटच असते.

घरी चहा नुसतं गरम पाणी. ही पुदिना घालायचं विसरते. जानेवारीत मला आठ दिवस ताप होता, तेव्हापासून हिचा स्वयंपाकातला हातच गेलाय. मी बोलत नाही. वयाचा परिणाम.

९ मार्च

त्या शाळेच्या मुख्याध्यापिका बाईंचं पत्र. मुलं नळाचं पाणी पीत नाहीत, वास येतो म्हणतात. सोबत नमुन्याची बाटली.

पद्धत अशी: काचेच्या चंबूत पाणी घ्यायचं, साठ अंशांवर तापवायचं, हलवायचं, बूच काढून लगेच नाक लावायचं. तिघांनी वास किती याचा आपापला आकडा लिहायचा. एकाचा दोघांशी जुळला नाही तर तो गळतो.

मंडळात दुसरी आमची नवी मुलगी. मुलगी कसली, बत्तीस वर्षांची, पण अजून कायम झालेली नाही. दोन वर्षांची उमेदवारी या एकतीस मार्चला संपते आणि तिच्याबद्दलचा शेरा मी लिहायचा आहे. तिसरा होयबा. त्याच्या खऱ्या नावाने त्याची बायकोसुद्धा हाक मारत नसावी.

नवीने बूच काढलं आणि चेहरा असा केला, जणू चंबूत मेलेला उंदीर आहे. “सर, येतोय. रंगाच्या दुकानात शिरल्यासारखा.”

मी नाक लावलं. कोमट वाफ. शून्य लिहिलं.

होयबाने नाक लावलं, माझ्या कागदाकडे पाहिलं, पुन्हा नाक लावलं. “शून्य, साहेब.”

दोनास एक. निकाल: वास नाही.

“सर, पण मुलं पाणी पीत नाहीयेत.”

“मुलं दूधही पीत नाहीत, मॅडम. गाय तपासायला मागवू का?”

होयबा हसला. ती हसली नाही. म्हणाली, “सर, मला हल्ली आपल्या कोऱ्या पाण्यालाही तोच वास येतो.”

“कोऱ्या पाण्यालाही येत असेल, तर तो पाण्यात नाही. तुमच्या डोक्यात आहे.”

वाक्य जरा लागट झालं. पण ती नळी मी स्वतः हुंगली होती.

१३ मार्च

दूध करपून पातेल्याचा कोळसा झाला. मी शेजारीच पेपर वाचत बसलो होतो. ही गच्चीवरून कपडे टाकून धावत आली.

“अहो, धूर दिसत नव्हता का? जाऊ दे, वास तरी?”

“दिवसभर ऑफिसात हुंगतो. घरीही हुंगायचं म्हणजे जादा काम.”

नेहमी ती अशावर दोन तरी शब्द परत करते. आज पातेलं उचलून मोरीत घासायला घेतलं. हिला एक नवीन खूळही लागलंय. बाहेर जाताना मी घरात एकटा असलो की गॅसची मुख्य कळ बंद करून जाते. म्हटलं, “मी काय पाळण्यात आहे?” तर म्हणते, “असू दे, मला बरं वाटतं.”

वाढतं वय. दुसरं काय.

१९ मार्च

मुख्याध्यापिका बाईंचा फोन. आवाज शांत, आणि म्हणूनच जास्त वाईट. कवायतीच्या तासाला पहिलीतली एक मुलगी चक्कर येऊन पडली. अकरा वाजल्यापासून थेंबभर पाणी पोटात नाही. घरून आणलेली बाटली अकराला संपली, नळाचं पाणी तिने थुंकून टाकलं. आता दवाखान्यात आहे, शुद्धीवर आहे.

“तुमच्या दाखल्यात वास नाही असं लिहिलंय,” बाई म्हणाल्या. “तो दाखला मी मुलांना वाचून दाखवला. त्यांना अजून नीट वाचता येत नाही, त्यामुळे त्यांचा विश्वास बसला नाही.”

ही बाई शाळेत फुकट जातेय. आमच्या धंद्यात यायला हवी होती.

फोन ठेवला. क्षणभर वाटलं… काय वाटलं ते लिहीत नाही. सहा वर्षांची पोर आहे.

घरी आलो, ही यायच्या आत स्वयंपाकघरात गेलो, एक कांदा उभा चिरला आणि नाकाशी धरला. डोळ्यांत टचकन पाणी आलं! नाक चुरचुरलं! मग? नाक शाबूत आहे. दोष असलाच तर त्या नवीच्या कल्पनाशक्तीत आणि शाळेतल्या साथीत. एक मूल म्हणालं वास येतो की चाळीस म्हणतात.

कांद्याचा वास कसा असतो, ते मात्र नीट आठवेना. रोजच्या गोष्टी कुठे लक्षात राहतात.

२३ मार्च

सोक्षमोक्ष लावला.

काचसामान धुणाऱ्या मावशींना बाजूला घेऊन सांगितलं, “सहा चंबू भरा. सहाही कोऱ्या पाण्याचे. वर आकडे लिहा आणि कुणाला बोलू नका.” मावशींनी काहीतरी विचारायला तोंड उघडलं, मी बोट ओठांवर ठेवलं.

मंडळ बसवलं. सांगितलं, “यात काही शाळेचे आहेत, काही कोरे. ओळखा.”

माझे सहा शून्य. होयबाचे सहा शून्य. अर्थात माझं लिहून होईपर्यंत त्याने पेनाचं टोपण काढलं नव्हतं. नवीने पहिला हुंगला, लिहिलं. दुसरा. तिसऱ्यापाशी थांबून खिडकीजवळ जाऊन मोकळी हवा घेऊन आली. सहाव्यापर्यंत तिच्या कपाळावर घाम आला होता. कागद माझ्यापुढे ठेवला: सहाच्या सहांना वास आहे. प्लास्टिक, रंगासारखा.

“सहाही कोरे होते, मॅडम.”

ती रडेल असं वाटलं होतं. तिने चंबूंकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हळू म्हणाली, “सर, मग तर फारच वाईट आहे.”

मला वाटलं, स्वतःबद्दल म्हणतेय.

२७ मार्च

शेरा लिहून बंद पाकिटातून मुख्य कार्यालयात पाठवला. “घ्राणेंद्रिय अविश्वसनीय. नसलेला वास जाणवतो. कायम करण्याची शिफारस नाही.” भाषा नेटकी झाली आहे. मोठे साहेब एकतीसला सगळ्यांच्या शेऱ्यांवर सही करतात.

झोप लागली नाही. जेवण अळणी होतं. मीठ मागितलं तर ही म्हणाली, “मीठ बरोबर आहे.” चाखून पाहिलं. खरंच बरोबर होतं. मग कमी काय होतं?

३० मार्च

हे लिहायलाच हवं, आणि क्रमाने.

अकरा वाजता मुख्याध्यापिका बाई स्वतः आल्या. हातात बाटली, बाटलीवर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख आणि वेळ. मी त्यांना प्रयोगशाळेतच बसवलं, सगळ्यांसमोर. मला प्रेक्षक हवे होते.

म्हटलं, “बाई, तुमचा दोष नाही. खरं स्वच्छ पाणी कसं असतं हेच लोकांना ठाऊक नसतं. हे घ्या. या शहरात याच्याहून निर्मळ पाणी नाही.” आणि यंत्राच्या निळ्या नळीतून ग्लासभर कोरं पाणी काढून त्यांच्या हातात दिलं.

त्यांनी घोट घेतला. गिळला नाही. उठून मोरीपर्यंत गेल्या, थुंकल्या, रुमालाने तोंड पुसलं.

“तुम्ही मला आमच्याच शाळेचं पाणी पाजलंत?”

मावशींनी धुणं थांबवलं. नळ तेवढा चालू राहिला.

मी हसायचा प्रयत्न केला. होयबाकडे वळलो. “तुम्ही सांगा हो यांना.”

होयबा बुटांकडे बघत होता. “साहेब…”

“सांगा ना!”

“येतो, साहेब. वास येतो.”

“कधीपासून?”

“निळी नळी लावली तेव्हापासून.”

“मग शून्य का लिहीत होतात?”

“तुम्ही शून्य लिहीत होतात.” आणि मग, अगदी माझी कीव आल्यासारखा, “मला वाटलं, साहेबांना काहीतरी जास्त कळत असेल.”

मावशी म्हणाल्या, “मी त्या दिवशी तेच विचारणार होते. तुम्ही गप्प बसवलंत.”

नवीने यंत्राची नळी ओढून काढली, टोकाशी कापली आणि तो वीतभर तुकडा माझ्यापुढे टेबलावर ठेवला. मी उचलला. नाकाशी धरला. डोळे मिटले. सव्वीस वर्षांचा सगळा जीव नाकपुड्यांत आणून श्वास घेतला.

डोळे उघडले तेव्हा नळी निळी होती. मला तेवढंच कळलं.

बाईंनी विचारलं, “आता मुलांना काय सांगू?”

मी म्हटलं, “पिऊ नका म्हणून सांगा.” आवाज कुणाचा आला कोण जाणे. नवी उठून त्यांच्याबरोबर शाळेकडे निघून गेली, परवानगी न घेता. जाताना नळवाल्याला फोन लावत होती. पलीकडचं ओरडणं दारापर्यंत ऐकू आलं: “अहो मॅडम, पण साहेबांनी स्वतः हुंगून पास केलीय!”

संध्याकाळी घरी. ही कपड्यांच्या घड्या घालत होती.

“तुला माहीत होतं?”

तिने काय ते विचारलं नाही. “जानेवारीपासून.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“सांगितलं. दोनदा. तुम्ही म्हणालात माझा हात गेलाय.” टॉवेलची घडी घातली. “चहात पुदिना रोज घालते. डबल घालते. मुलगी आली होती तेव्हा म्हणाली, आई, हा चहा आहे की काढा?”

मी खुर्चीवर बसलो. लग्नापासून ही डोक्याला एकच तेल लावते. दार उघडलं की आधी तो वास यायचा, मग ही. म्हटलं, “तुझ्या तेलाचा वास मला आठवतो.”

“मी ते फेब्रुवारीत बदललं.”

“का?”

“तपासायला.” ती पहिल्यांदा थोडी हसली. “तीन तेलं झाली. तुमच्या पद्धतीने, न सांगता. तुम्ही एकदाही ओळखलं नाहीत.”

तीन चाचण्या, तीन शून्य. निकाल घरात कधीचा लागला होता. मंडळाच्या प्रमुखालाच कळवला नव्हता इतकंच.

“डॉक्टर?” मी विचारलं.

“तापानंतर जातो कधीकधी, म्हणाले. कधी परत येतो, कधी नाही. तुमच्या मागे विचारून आले.”

आणि आत्ता, हे लिहिताना, आठवतंय की ते पाकीट मुख्य कार्यालयात पडलंय. सही उद्या.

३१ मार्च

नऊ वाजताच मोठ्या साहेबांच्या दारात उभा राहिलो. ते दहाला आले. टेबलावर पाकिटांची चळत, आमचं मधे कुठेतरी.

सगळं सांगितलं. उभ्यानेच. त्यांनी चष्मा काढला, पुसला, लावला.

“निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत ना तुमची?”

“हो.”

“मग कशाला हे लेखी वगैरे? नळी बदला. शाळेची नळी बदला. मुलीचा शेरा जरा मवाळ करून द्या, ‘आणखी सहा महिने पाहावे’ असं काहीतरी. हुंगायला होयबा आहेच. तुम्ही पूर्वीसारखे बसा, तो लिहील तेच लिहा. कुणाला कळतंय?”

म्हणजे आता मी होयबाचा होयबा. योजना फारच सोपी होती. सहा महिन्यांनी तिचं काय ते बघू. तोवर माझं नाकही कदाचित परत येईल. खुर्ची तीच, पाटी तीच, रस्त्यात लोक विचारतील, “आमच्याकडचं कसं आहे हो?” आणि मी मान डोलवीन. खोटं सांगत नाही, पाच मिनिटं तरी मी त्या खुर्चीत बसून होतो.

मग साहेबांच्या शिपायाने पाण्याचा ग्लास आणून ठेवला. मी तो उचलला आणि सवयीने आधी नाकाशी नेला. साहेब ते बघत होते. मीही बघत होतो. हे मी रोज करतो, चारचौघांत करतो, आणि रोज काहीतरी कळल्यासारखा चेहरा करतो.

ग्लास खाली ठेवला. चळतीतून पाकीट ओढलं, फाडलं, आतला कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूला लिहिलं: “जानेवारीपासून मला वास येत नाही. त्यानंतर मी सही केलेले एक्केचाळीस दाखले अविश्वसनीय धरावेत. निळी नळी मी मंजूर केली, नळवाल्याने नाही. सहा चंबूंत सहा वेळा वास ओळखून तसं लिहिणारी व्यक्ती या खात्यात एकच आहे, तिला कायम करावे.”

साहेबांनी वाचलं. “याची किंमत कळतेय ना? मंडळ सोडावं लागेल.”

“नाकाने मला कधीच सोडलंय, साहेब.”

त्यांनी दोन्ही सह्या केल्या. एक तिच्या कायम होण्यावर, एक माझ्या जाण्यावर. शाई एकच.

प्रयोगशाळेत परतलो. नवीला सांगितलं. वाटलं होतं, काही मोठं बोलेल. ती म्हणाली, “सर, मला तुमचा राग आलाय. तो काही दिवस राहील.”

“राहू दे,” म्हटलं. “त्याला दाखला लागत नाही.”

१६ एप्रिल

मधल्या दिवसांत लिहायला वेळ मिळाला नाही. एक्केचाळीस ठिकाणचे नमुने पुन्हा आणायचे होते, आणि ते आणायचं काम मी मागून घेतलं. घरोघर जाऊन “आमचं चुकलं होतं” म्हणायचं. पहिल्या दाराशी जीभ जड झाली, विसाव्या दाराशी सवय झाली, तिसाव्या दाराशी एका आजींनी बसवून घेऊन स्वतःच्या गुडघ्यांबद्दल सांगितलं. आतापर्यंत एकोणतीस ठीक निघाले. दोन वाईट, दोन्हीकडे तीच निळी नळी. बाकीच्यांचं अजून चालू आहे.

शाळेच्या गच्चीवरची नळी नवीने स्वतः उभं राहून काढून घेतली. उन्हात तापून ती आतून चिकट झाली होती म्हणे. पिण्याच्या पाण्यासाठीची नळी लागली, टाकी दोनदा धुतली, नळ तीन दिवस वाहते ठेवले. नळवाल्याने मजुरी मागितली नाही. मला मात्र म्हणाला, “साहेब, तुमच्यामुळे मी स्वतः हुंगायचं सोडलं होतं.” याहून नेमकं अजून मला कुणी बोललेलं नाही.

आज त्या पाण्याची तपासणी. प्रमुख नवी. तिने टेबलावर प्लायवुडचे आडोसे बसवून घेतलेत, म्हणजे कुणाला कुणाचा कागद दिसू नये, चेहराही दिसू नये. माझ्या जागी हिशेबखात्यातल्या एक बाई आल्या आहेत. चंबू तापवायचं काम माझं. साठ अंश बघायला नाक लागत नाही.

नवीचा आकडा: शून्य. हिशेबवाल्या बाईंचा: शून्य. होयबा आडोशाआड गेला आणि बराच वेळ बाहेर येईना. आयुष्यात पहिल्यांदा त्याला बघायला कुणाचा कागद नव्हता. आतून दोनदा खाकरला. शेवटी कागद आला. कोपऱ्यात बारीक अक्षरात: “थोडा आहे. लाकूड, डिंक.”

नवी उठली, त्याच्या आडोशाजवळ गेली, वाकून प्लायवुड हुंगलं.

“बरोबर आहे,” ती म्हणाली. “पाण्याला नाही, या फळीला आहे. मला कसा नाही आला?”

होयबाचा चेहरा असा काही झाला की मावशी हसत सुटल्या. या माणसाचं नाक आमच्या सगळ्यांपेक्षा तिखट आहे. इतकी वर्षं माझ्या आकड्यांखाली दाबून ठेवलं होतं. “कागदावर राहू दे,” नवीने त्याला सांगितलं, “आणि उद्यापासून आडोसे दुधी काचेचे.”

दाखला टंकून झाला. सही तिची. मी शेगडी बंद करत होतो तेव्हा तिने एक ग्लास माझ्यापुढे सरकवला. त्याच चंबूतलं, निवलेलं पाणी.

“सर, चव? कडू-खारट तुम्हाला अजून कळतं ना?”

राग थोडा कमी झाला असावा. की कामापुरतं विचारलं, कोण जाणे.

मी ग्लास उचलला. नाकाशी नेला नाही, सरळ ओठांना लावला. कडू नाही. खारट नाही. धातू नाही. असं सांगायला तोंड उघडलं आणि लक्षात आलं, ग्लास रिकामा झालाय. सकाळभर उन्हात घरोघर फिरलो होतो, तहान लागली होती, पिऊन टाकलं.